आजोबांचं बालपण विचारायचं असेल तर आधी घराचा नकाशा काढून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा ८१ वर्षांचे, बालपण सगळं कुर्डुवाडीच्या बाजूला गेलेलं, नातवाला ते लिहून ठेवायचंय, पण विचारलं की आजोबा म्हणतात "काय सांगायचं, आमचं आपलं साधं होतं, गरिबी होती पण समाधान होतं" आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. तर त्यांना बोलतं कसं करायचं.

उत्तर जरा लांबणार, आधीच सांगतो. मी सोलापूर जिल्ह्यात ३६ वर्षं हायस्कूलला इतिहास शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं आठवीच्या पोरांना दिवाळीच्या सुट्टीत एकच अभ्यास दिला, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दहा प्रश्न विचारून वहीत लिहून आणा. आणि आता मी स्वतःच त्या म्हाताऱ्याच्या जागी बसलोय, वय ७६, नात समोर मोबाईल धरून बसते आणि मी पण सुरुवातीला तिला अगदी हेच म्हणालो होतो, आमचं आपलं साधं होतं. त्यामुळे तुमच्या आजोबांचा मला राग नाही.

पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या चाळीस वह्यांमध्ये चाळीस वेळा एकच आजोबा यायचा. स्वस्ताई होती, घरचं तूप होतं, माणसं प्रेमळ होती, मास्तर मारायचे पण शिकवायचे. मला वाटायचं पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलंय, दोघातिघांना उभं पण केलं त्याबद्दल. नंतर कळलं की चूक माझ्या प्रश्नांत होती. "तुमचं बालपण कसं होतं?" असं विचारल्यावर माणूस काय सांगणार, तो भाषणच करणार. मग एका वर्षी एका मुलीनं माझे दहा प्रश्न बाजूला ठेवले आणि आजोबांना विचारलं की तुम्ही पहिली चप्पल कधी घातली. चार पानं उत्तर. चप्पल चौदाव्या वर्षी, ती पण चुलत्याची जुनी, अंगठा कापून मोठी केलेली, आणि ती घालून शाळेत गेल्यावर पोरं हसली म्हणून वेशीबाहेर काढून दप्तरात ठेवायची. हे त्या आजोबांच्या स्वतःच्या मुलालासुद्धा माहीत नव्हतं.

तर पहिली गोष्ट ही की "कसं वाटायचं" विचारू नका, वस्तू विचारा, काम विचारा, जागा विचारा. आणि त्यातही सगळ्यात आधी नकाशा.

कागद-पेन द्या आणि म्हणा आजोबा, तुमचं लहानपणीचं घर काढून दाखवा, दार कुठं, चूल कुठं, पाणी कुठं. चित्र येत नाही म्हणतील, म्हणू द्या, रेघा मारल्या तरी पुरे. हात चालायला लागला की तोंड आपोआप चालायला लागतं, हे मी शंभर वेळा बघितलंय. आमच्या भागातली घरं धाब्याची, माळवदाची, वर मातीचं छत, उजेडाला सवणं, भिंतीत देवळ्या, धान्याला बळद. तुमच्या आजोबांचं पण असंच असणार. धाब्यावर उन्हाळ्यात झोपायचं हे सगळे सांगतात. तुम्ही पावसाळ्याचं विचारा, गळायला लागल्यावर वर माती टाकायला कोण चढायचं, कुठल्या भांड्यात पाणी धरायचं, कुणाचं अंथरूण आधी हलवायचं. मग घरात कोण महत्त्वाचं आणि कोण नाही ते न विचारता कळतं.

नकाशा झाला की प्रत्येक खोलीत रात्री कोण झोपायचं ते लिहायचं. हे विसरू नका, याच्यावर मी पुढं येणार आहे.

माझं उदाहरण देतो. बार्शीत आमचा वाडा म्हणजे नुसतं म्हणायला वाडा, सतरा माणसं आणि एक आड. वडील अडतीवर दिवाणजी, थोरले दोन चुलते गावाकडची शेती बघायचे, धाकटे दोन शिकायला आणि खायला. आम्ही भावंडं आईला "वहिनी" म्हणायचो आणि वडिलांना "भाऊ", कारण दोन्ही धाकटे काका तसं म्हणायचे आणि पोर जे ऐकतं ते उचलतं. माझ्या मुलांना हे विचित्र वाटतं, नातीला तर फारच. पण तुमच्या आजोबांना विचारा, ते आईला काय म्हणायचे. "आई" म्हणणारी माणसं त्या पिढीत वाटतात तेवढी नव्हती. कुणी आक्का म्हणायचं, कुणी काकी, कुणी बाई. त्या एका शब्दावरून घरात किती माणसं होती, कोण मोठं होतं, आई त्या घरात कितव्या नंबरवर होती, सगळं निघतं.

आता वस्तूंचं. आमच्याकडं अंगणात पेव होतं. नवीन पोरांना पेव म्हणजे काय ते माहीत नाही, "पेव फुटलं" एवढं म्हणतात फक्त. जमिनीखाली खोदलेलं धान्याचं कोठार, तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम आत उतरेल एवढं, आणि खाली पोट मोठं, रांजणासारखं. आत कडब्याचा थर लावायचा, ज्वारी भरायची, वर दगडी फरशी आणि चिखलानं लिंपून टाकायचं. ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची. पण उघडायचं काम धोक्याचं, कारण आतली हवा कोंडून विषारी झालेली असते, घाईनं आत उतरून माणसं मेलेली आहेत. त्यामुळे फरशी काढून पेव बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. विझला नाही तर उतरायचं, आणि उतरायला हडकुळं पोर लागायचं. ते पोर म्हणजे मी. कमरेला दोर, हातात टोपली, वय नऊ. आत एवढं गरम की अंगाला ज्वारी चिकटायची, आणि तो आंबूस वास, बाजूची ज्वारी जरा काळी पडलेली असायची तिचा वास. वर बघितलं की थाळीएवढं आभाळ आणि त्यात थोरल्या काकांचं डोकं. मी खाली गेलो की काका सारखं नाव घेऊन हाक मारायचे आणि मला "ओ" द्यायला लागायची, "ओ" आली नाही की दोर ओढायचा असं ठरलेलं. मला तेव्हा वाटायचं काका कटकट करतात.

बघा, मी पेवावर किती बोललो. आणि हाच मी, नातीनं "काकांचा स्वभाव कसा होता" विचारलं तेव्हा "कडक होते" एवढंच बोललो होतो.

बार्शी लाईट रेल्वेचं पण तसंच. कुर्डुवाडी म्हटलं की तुमचे आजोबा त्या छोट्या गाडीची गोष्ट सांगणारच, गाडी इतकी हळू की उतरायचं, शेतातल्या ओंब्या तोडायच्या आणि परत चढायचं. कुर्डुवाडीपासून लातूरपर्यंत प्रत्येक म्हाताऱ्यानं ही गोष्ट सांगितलेली आहे, मी पण सांगतो, आणि खरं सांगायचं तर मी एकदाही उतरलेलो नाही. ही घासूनपुसून ठेवलेली गोष्ट आहे. इतिहास तुम्हाला वाचून मिळेल, १८९७ साली अडीच फुटी रुळावर बार्शीपर्यंत सुरू झाली कारण मोठी लाईन बार्शी टाळून गेली होती, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज, १९५४ पर्यंत खासगी कंपनीची. ते आजोबांना विचारायची गरज नाही. त्यांना हे विचारा की गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा कुठं चालले होते, कुणाच्या मांडीवर, फडक्यात काय बांधलेलं होतं, तिकीट काढलेलं होतं का. शेवटचा प्रश्न हसून विचारा. माझ्या बाबतीत उत्तर असं की वय कमी सांगून अर्ध्या तिकिटात नेलं आणि टीसी आला की मला गुडघे पोटाशी घेऊन बसायची सूचना होती, बारा वर्षं उलटून गेली तरी मी त्या गाडीत आठ वर्षांचाच होतो.

साल काढायची पद्धत सांगतो, कारण इथं नवीन माणूस हमखास फसतो. आमच्या पिढीच्या जन्मतारखांवर विश्वास ठेवू नका. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जून, कारण नाव घालायला गेल्यावर तारीख माहीत नसायची आणि गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन दुसरा कान धरायला लावायचे, पुरला कान तर सहा पूर्ण, लिहा १ जून. त्यामुळे दाखल्यावर ८१ असलेला माणूस ८२ असेल, ८० पण असेल. "कितव्या साली" असं विचारलं की आम्ही ठोकून देतो. त्यापेक्षा खुंट्या वापरा, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात राहिलेल्या घटना. आमच्या भागातली पहिली खुंटी रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं. बार्शी तालुक्याला लागून निजामाची हद्द होती, १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या आधी तिकडून माणसं बायकापोरं घेऊन इकडं आली होती. मी त्यानंतरचा, पण घरात "रझाकाराच्या वर्षी" हा शब्द इतका चालायचा की मला ते आपण बघितलंय असंच वाटतं. हे पण लक्षात ठेवा, ऐकलेलं आणि बघितलेलं म्हाताऱ्याच्या डोक्यात एकाच बळदात असतं.

मग नवा पैसा, १ एप्रिल १९५७. हा फार कामाचा प्रश्न, "तुम्ही पहिला पैसा खर्च केला तो आण्यातला का नव्या पैशातला?" त्याच्यावरून तेव्हाचं वय लगेच कळतं. मी आठ वर्षांचा होतो आणि चार आण्याचे पंचवीस नवे पैसे हे ठीक बसतं पण एका आण्याचे सहा धरले तर चार आण्याचे चोवीसच होतात, मग एक पैसा जातो कुठं, यावर आमच्या अख्ख्या गल्लीत भांडणं. वाणी एक आण्याची वस्तू सहाला द्यायचा की सातला मागायचा हे अजून आठवतं. मापांचं पण विचारा, निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली, हे एका दमात म्हणून दाखवा म्हणा. म्हातारा खुलतो. माझे वडील किलो आल्यावरसुद्धा घरात पायलीतच बोलायचे आणि अडतीवर किलोत.

पुढच्या खुंट्या म्हणजे १९६० चा १ मे, चीनचं युद्ध, नेहरू गेले तो मे १९६४, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, आणि मग ७२ चा दुष्काळ. ७२ वर मात्र वेळ काढा, घाईनं विचारू नका. मी तेव्हा नवीन नोकरीला लागलो होतो खेड्यातल्या शाळेत. वर्गातली मोठी पोरं दिसेनात, गेली कुठं तर खडी फोडायला. शाळेत सुकडी यायची, आणि रेशनला तो लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, त्याची भाकरी काही केल्या जमायची नाही, मालदांडी ज्वारी खाल्लेल्या तोंडाला ती लागायची पण नाही. माणसं त्यातही हसायची, म्हणायची अमेरिकेत हे डुकराला घालतात. पण त्या वेळच्या गोष्टी सांगताना म्हातारी माणसं एका ठिकाणी थांबतात, बहुतेक जनावरांपाशी. बैल विकला ते सांगताना. तिथं पुढचा प्रश्न विचारू नका. गप बसा, चहा येऊ द्या.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, ते तर तुमच्या वडिलांना पण आठवत असेल, त्यामुळे ते दोघांना एकत्र विचारा. बापलेक एकच रात्र दोन प्रकारे सांगतात, ऐकायला मजा येते.

आता एक बारीक गोष्ट, कान उघडे ठेवायची. आजोबांना विचारा तुम्ही किती भावंडं. बरेचसे म्हणतील "आम्ही पाच राहिलो". "राहिलो" हा शब्द सोडू नका. पाच राहिले म्हणजे आठ-नऊ झाले होते. माझी पण दोन भावंडं गेलेली, एक देवीनं आणि एक कशानं ते कुणी सांगितलं नाही, "तापानं" म्हणायचे. देवी आता जगातूनच गेली, भारतात १९७५ नंतर नाही, पण आजोबांच्या दंडावर लस टोचल्याचा रुपयाएवढा व्रण असेल तो बघा आणि ती कुठं टोचली, कुणी धरलं होतं ते विचारा. गेलेल्या भावंडांची नावं होती का हेही विचारा. असतात. माझ्या आईनं मला ती नावं मी पन्नास वर्षांचा झाल्यावर सांगितली, भाजी निवडता निवडता.

आणि दुसरं जे आम्ही सांगत नाही ते म्हणजे आडाचं. "गावात सगळे एकोप्यानं राहायचे" हे वाक्य आलं की शांतपणे विचारा, आजोबा तुमच्या आडावर कोण पाणी भरायचं नाही? हॉटेलात कुणाच्या कपबश्या वेगळ्या असायच्या? रागावतील कदाचित. माझ्या वर्गात एका पोरानं आजीला हा प्रश्न विचारला, आजी म्हणाली आम्हीच ते, आम्हाला वरून ओतायचे, ओंजळीत. त्याच वर्गात दुसऱ्या पोराची आजी म्हणाली आम्ही कुणाला कधी पाण्याला नाही म्हटलं नाही, वरून ओतायचो. दोन्ही वह्या माझ्याकडं शेजारी-शेजारी आल्या होत्या तपासायला. दोन्हीला मार्क सारखेच दिले, दुसरं काय करणार. तेव्हा छोट्या गावातलं बालपण गोड होतं का, तर कुणाच्या घरातून बघताय त्यावर आहे, आणि घरातल्या घरात पण कुठल्या खोलीतून बघताय त्यावर.

आता मी नकाशाकडं परत येतो.

नातीनं माझ्याकडून वाडा काढून घेतला. मी शिक्षक माणूस, फूटपट्टी घेऊन काढला, ओसरी, सोपा, माजघर, चूल, न्हाणी, परसू, आड, पेव, सगळं. मग कोण कुठं झोपायचं. आजोबा-आजी सोप्यात, काका लोक ओसरीवर, वहिनी आणि आम्ही बारकी माजघरात, भाऊ उन्हाळ्यात धाब्यावर. मग मी तिला आमच्या आत्याची गोष्ट सांगितली, ती माझी ठरलेली गोष्ट आहे, लग्नकार्यात सांगतो, सगळे हसतात. आत्याला सासरच्यांनी नांदवलं नाही म्हणून ती माहेरीच असायची, भारी खाष्ट, गुळाचा खडा मोजून द्यायची, दोनाचे तीन मागितले तर उलथनं उगारायची. नात हसली, आणि मग कागदाकडं बघून म्हणाली, "आबा, आत्या कुठं झोपायची?"

मला आठवेना.

म्हणजे अगदी आठवेना. सोळा माणसं मी कागदावर निजवली होती, आमच्या दारातला कुत्रा कुठं बसायचा ते पण काढलं होतं, आणि आत्याला जागा नव्हती. जी बाई मी मॅट्रिकला असेपर्यंत रोज त्या घरात होती. मी म्हटलं असेल कुठंतरी, स्वयंपाकघरात वगैरे. नात म्हणाली वगैरे म्हणजे कुठं.

रात्री धाकट्या बहिणीला फोन लावला. ती बेबी, ७२ ची आहे आता, अजून बेबीच. तिला विचारलं तर ती म्हणाली, "असं काय करतोस रे दादा, ती माजघराच्या उंबऱ्यापाशी निजायची. चारला उठून आडावर जायची ना, कुणाला ओलांडायला नको म्हणून. आणि तिच्या वाकळंत तूच असायचास की. तुला गोवर निघाला तेव्हापासून शाळेत जाईस्तोवर, वहिनीला धाकटा झाला होता." मी गप्प. मग मी गुळाचं काढलं, म्हटलं पण गूळ तर मोजून द्यायची. बेबी म्हणाली, "देणारच की. कपाटाची किल्ली थोरल्या काकूकडं. रोज सकाळी काढून द्यायची, संध्याकाळी हिशेब घ्यायची. कमी पडला की कुणाला ऐकून घ्यावं लागायचं मग?"

सत्तर वर्षं मी ती गोष्ट हसवायला सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी नकाशावर उंबऱ्याजवळ एक छोटा चौकोन काढला. नात म्हणाली नाव काय लिहू. आत्या लिही म्हटलं. म्हणाली, तिचं नाव. तेही मला नीट माहीत नव्हतं, म्हणजे माहेरचं एक, सासरचं एक, आणि हाक आत्याबाई. शेवटी सापडलं कुठं तर जमिनीच्या फेरफारात. आजोबा १९६१ ला गेले. १९५६ च्या वारसा कायद्यानं मुलींचं पण नाव लागायला लागलं होतं, ते लागलं, आणि त्याच्याच खालच्या नोंदीत तिनं हक्क सोडल्याचं लिहिलेलं. नाव, आणि पुढं "निशाणी डावा अंगठा". तो अंगठा ज्या दिवशी उठवला त्या दिवशी पण पहाटे चारला आडाचा रहाट वाजलाच असणार, कारण तो वाजला नाही असा दिवस मला आठवत नाही.

तर कागद. आजोबांचं बोलणं झाल्यावर कागद बघा, आधी नको, आधी दाखवले की आजोबा कागदासारखं बोलायला लागतात. शाळा सोडल्याचा दाखला, नसेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरात नोंद असते, मागितली तर उतारा मिळतो. सातबारा आणि त्याच्याहून महत्त्वाचे जुने फेरफार, त्यात वारस, वाटण्या, बहिणींची हक्कसोड, सगळ्या घराची भांडणं एका ओळीत असतात. जुनी वहीखाती मोडीत असतील तर रद्दीत देऊ नका, मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, शिकवणारे वर्ग पण आहेत. माझ्या वडिलांच्या मोडीतल्या दोन चोपड्या आमच्या घरात उंदरांनी आणि माझ्या आळसानं गेल्या, तिसरी आहे. नाशिक-त्र्यंबकला घरातलं कुणी विधीला गेलं असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत पिढ्यांची नावं असण्याची शक्यता आहे, पण त्यात बायकांची कमीच.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात, हे तुम्हा लोकांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. मोबाईल फ्लाईट मोडला टाका, नाहीतर ऐन रंगात बँकेचा फोन येतो. पंखा बंद करा किंवा कमी, सगळं त्याच्याच आवाजात जातं. आजोबांना कुठल्या कानानं ऐकू येतं ते बघून त्या बाजूला बसा. चोरून रेकॉर्ड करू नका, सांगून करा, पाच मिनिटांत विसरतात ते. चाळीस मिनिटांच्या वर ताणू नका. सकाळच्या चहानंतर बरं, संध्याकाळी माणूस हळवा होतो आणि एकच एक गोष्ट फिरवत बसतो. फाईलला नाव देऊन तारीख टाका, नाहीतर सहा महिन्यांनी "न्यू रेकॉर्डिंग १७" मध्ये काय आहे ते तुम्हालाच कळणार नाही, माझ्या नातीच्या तशा अकरा आहेत.

चुकीचं सांगितलं तर मध्ये दुरुस्त करू नका. ७२ ला ७४ म्हणाले तर म्हणू द्या. आणि आजी असतील तर आतून आवाज येईल, "काही पण सांगताय, तो मामा नव्हताच, तो त्यांचा भाचा". तो आवाज येऊ द्या, दार उघडं ठेवा. खरं तर आजीची बैठक वेगळी घ्या, आजोबा बाहेर गेल्यावर. त्या सासरी आल्या तेव्हा त्यांना त्या घरात काय दिसलं हा वेगळाच नकाशा निघतो, बहुतेक वेळा चूल मध्यभागी असते आणि ओसरी अंगठ्याएवढी.

समाधान होतं म्हणतात ते खोटं नाही बरं का. आजोबांना तसं आठवतं कारण ते पोर होते आणि त्यांचं पाणी दुसरं कुणीतरी भरत होतं. ते कोण भरत होतं एवढं नाव त्यांच्याकडून काढा, जमलं तर.

रविवारी गेलात की टीव्ही बंद करायला सांगू नका, चालू राहू दे, आवाज ते स्वतःच कमी करतील. आधी कागद पुढं सरकवा. पाठकोरा असला तरी चालेल. पेन मात्र जरा जाड घ्या, बारीक रिफिलीचं आम्हाला दिसत नाही.